भाड्याच्या घराची भूमी : कार्पेट की फरशी?

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आतापर्यंत कर्मसिद्धांत, अनेकांत, समाजसंघटन असे भारदस्त विषय झाले. त्या पंक्तीत घरातील जमिनीचा विषय काहींना किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या धर्मात पाच समित्यांपैकी पहिली समिती चालण्याची आहे, पाऊल कोठे आणि कसे टाकावे याचा जेथे सर्वांआधी विचार झाला, तेथे पायाखालची भूमी किरकोळ कशी ठरेल? शिवाय या सभागृहात फार थोडी घरे अशी असतील की ज्यांचा मुलगा, मुलगी, भाचा वा पुतण्या परदेशी भाड्याच्या घरात राहत नाही. ही मुले फोनवर नोकरीचे सांगतात, थंडीचे सांगतात, भाजीचे भाव सांगतात. पायाखाली काय आहे हे कोणी सांगत नाही. ते कळते सुनेच्या वा लेकीच्या बाळंतपणासाठी आईला तिकडे जावे लागते तेव्हा.

पुणे जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावच्या अशाच एक मातोश्री इंग्लंडमधील लेस्टर शहरी मुलाकडे गेल्या. लेस्टरचे नाव जैन समाजाला नवे नाही. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील एका जुन्या चर्चच्या वास्तूत उभ्या राहिलेल्या तेथील जैन सेंटरमध्ये १९८८ साली प्रतिष्ठा झाली. मुलाचे घर मात्र तेथून दूर, एकास एक चिकटून उभ्या असलेल्या जुन्या घरांच्या रांगेत होते. खाली एक खोली आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. स्वयंपाकघर सोडले तर सर्वत्र, अगदी जिन्याच्या पायऱ्यांवरही, साईच्या रंगाचे कार्पेट.

पहिल्या दिवशी पहाटे मातोश्रींनी सामायिकासाठी जागा निवडली, आसन हाती घेतले आणि नित्याप्रमाणे जागा पुंजण्यासाठी पूंजणी फिरवली. पूंजणी लवेवरून नुसती घसरली. लवेच्या आत काय आहे, कोणी जीव आहे की नाही, काही कळेना. त्यांनी सुनेला विचारले, "हे उचलता येत नाही का गं?"

सून म्हणाली, "आई, हे खिळवलेले आहे. आणि उचलायला ते आपले नाही."

आजच्या विषयाचा सारा पेच सुनेच्या त्या दोन वाक्यांत आला आहे.

प्रथम वस्तूची ओळख करून घेऊ. गालिचा म्हटले की डोळ्यांपुढे भदोही-मिर्झापूरकडचा, हाताने गाठी मारून विणलेला, गुंडाळून ठेवता येणारा गालिचा येतो. येथे विषय त्याचा नाही. विषय भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरलेल्या यंत्रनिर्मित कार्पेटचा आहे. कापडाच्या व्यवसायातील मंडळींनी एकदा त्याची उलटी बाजू अवश्य पाहावी. त्यातील बहुतांश माल ताण्या-बाण्याचा नसतोच. एका मूळ कापडात शेकडो सुया धागा टोचून त्याचे फास काढतात, मागून लॅटेक्सचा लेप देऊन ते फास चिकटवतात आणि त्यावर दुसरे अस्तर लावतात. म्हणजे विणकाम कमी आणि टाका अधिक. पूर्वी अस्तराला बंगालचा ताग असे, आता बहुधा पॉलीप्रॉपिलीन असते. लव नायलॉनची, पॉलिस्टरची किंवा लोकरीची. पन्हा असा की आपल्याकडील दुकानात तागा मावणार नाही. ब्रिटनमध्ये चार वा पाच मीटर, अमेरिकेत बारा फूट. हे कार्पेट घरी आणून भिंतीच्या कडेने ठोकलेल्या लाकडी पट्टीवरील तिरक्या खिळ्यांत ताणून अडकवतात. खाली फोमचा किंवा नमद्यासारखा मऊ थर घालतात. एकदा ताणून बसवले की ते झिजून फेकेपर्यंत उचलले जात नाही.

इंग्लंडमध्ये गालिच्यांची परंपरा जुनी आहे. ॲक्समिन्स्टर येथे थॉमस व्हिटी यांनी १७५५ साली विणकाम सुरू केले. विल्टन आणि किडरमिन्स्टर ही गावेही याच धंद्यावर वाढली. तो माल श्रीमंतांचा होता. सामान्यांच्या घरात कार्पेट शिरले ते टाक्याच्या यंत्रामुळे, आणि त्या यंत्राचे मूळ अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या डाल्टन या गावी आहे. तेथील कॅथरिन इव्हान्स या मुलीने १८९५ साली हाताने टाके घालून एक पलंगपोस केला आणि १९०० साली तसाच पलंगपोस अडीच डॉलरला विकला. एका मुलीच्या हातकामातून आसपासच्या घराघरांत धंदा पसरला, पुढे यंत्रे आली, दुसऱ्या महायुद्धानंतर पलंगपोसाच्या जागी खोलीभर पन्ह्याचा माल निघू लागला. व्यापाऱ्याने हेवा करावा अशी ही वाढ आहे.

आता घरमालक भाड्याच्या घरात हेच का घालतो? तेथील जुन्या घरांची जमीन दगडी नसते. तुळयांवर फळ्या ठोकलेल्या असतात, फळ्यांखाली पोकळी, आणि त्या फटींतून गार वारा येतो. फळ्या घासून पॉलिश करण्यापेक्षा वरून कार्पेट ताणणे स्वस्त आणि एका दिवसाचे काम. पायाला ऊबही लागते. येथे एक गैरसमज दूर करावा लागेल. कार्पेट स्वतः गरम नसते. फरशी आणि कार्पेट यांचे तापमान एकाच खोलीत जवळपास सारखेच असते. परंतु फरशी पायातील उष्णता भराभर ओढून घेते आणि कार्पेट घेत नाही, म्हणून एक गार व दुसरे उबदार वाटते. जाड पायमोजा घातला की यातील बराच फरक मिटतो. महाराष्ट्रातील उन्हाळ्यात शहाबादी फरशीवर उघड्या अंगाने दुपारी पडण्याचे जे सुख आहे, ते याच गुणाचे.

इकडे सारवलेली जमीन गेली, शहाबादी आली; शहाबादी गेली, मोझेक आली; आणि आता मोरबीच्या व्हिट्रिफाइड टाइल्स आल्या. काळ बदलला तरी या साऱ्या भूमींचा एक गुण कायम राहिला. ती भूमी उघडी असते, दिसते, झाडता-पुसता येते. तिच्यावर जाजम, सतरंजी, चटई अंथरली जाते आणि काम झाले की उचलली जाते.

श्रावकाच्या दृष्टीने हा भेद मोठा आहे. दिगंबर मुनींच्या हाती मोरपिच्छी असते, श्वेतांबर साधु-साध्वींजवळ रजोहरण असते. साधु-साध्वी आपल्या वस्त्रांचे दिवसातून दोन वेळा पडिलेहण करतात. प्रत्येक वस्त्र उलगडून, उलटसुलट पाहून, जीव असल्यास त्याला हळुवार बाजूला केले जाते. गृहस्थाकडून एवढी अपेक्षा नाही. पण ज्याचे पडिलेहण कधी होऊच शकत नाही असे वस्त्र साऱ्या घरभर पसरून त्यावर चोवीस तास वावरायचे, ही गोष्ट निदान लक्षात तरी यावी. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात हिंसेची जी व्याख्या आहे, तीत प्राणघाताच्या आधी प्रमादाचा उल्लेख येतो. न दिसणाऱ्या जागी सावध राहणे ही फार कठीण गोष्ट आहे.

आणि लवेच्या आत जीव असतात, यात आता शंका उरलेली नाही. हॉलंडमधील लायडन येथील वूरहॉर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ साली दाखवून दिले की घरातील धुळीने ज्यांना दमा व शिंका होतात, त्यांच्या त्रासाचे एक मोठे मूळ धुळीत राहणारा एक अतिसूक्ष्म जीव आहे. इंग्रजीत त्याला डस्ट माइट म्हणतात. लांबी मिलिमीटरच्या सुमारे एक तृतीयांश, पाय आठ. माणसाच्या अंगावरून गळणाऱ्या त्वचेच्या कणांवर तो जगतो. तो चावत नाही, रक्त पीत नाही. त्याच्या विष्ठेचे कण श्वासात गेले की संवेदनशील माणसाला त्रास होतो. गाद्या, उशा, गादीच्या खुर्च्या आणि कार्पेट ही त्याची वस्ती. त्याला पाणी प्यावे लागत नाही, हवेतील दमटपणा तो शोषून घेतो. म्हणून हवा कोरडी राहिली तर तो तग धरत नाही. ब्रिटनमधील बंद खिडक्यांची, आतच कपडे वाळत घातलेली हिवाळ्यातील खोली त्याला मानवते.

त्या मातोश्रींच्या मुलाला लहानपणी दमा होता. वयात आल्यावर तो गेला असे सर्वांना वाटले होते. लेस्टरमध्ये दुसऱ्या हिवाळ्यात सकाळच्या शिंका आणि छातीतील घरघर परत आली. तपासणीत याच जीवाची ॲलर्जी निघाली. डॉक्टरांनी सांगितले ते असे : पलंगपोस आणि उशांचे अभ्रे दर आठवड्याला साठ अंश तापमानाच्या पाण्यात धुवा, कारण त्या उष्णतेत हे जीव मरतात, आणि शक्य असल्यास झोपण्याच्या खोलीत कार्पेट ठेवू नका.

सल्ला वैद्यकीय दृष्ट्या योग्यच होता, पण घरात वाद उभा राहिला. मातोश्री म्हणाल्या, जीव मारण्यासाठी म्हणून पाणी तापवायचे हे मनाला पटत नाही. सून म्हणाली, "आई, तुम्ही व्हॅक्यूमही फिरवू देत नाही. मग आठ दिवसांनी आणखी वाढतील, त्यांचे काय?" दोघींचे म्हणणे आपापल्या जागी बरोबर होते. मुलगा दोघींच्या मध्ये शिंकत बसला होता.

या वादाला एक वाट आहे आणि ती नवी नाही. जैन घरांतील जुन्या बायका ती रोज चालत आल्या आहेत. धान्य उन्हे दाखवून भरणे, पाणी गाळणे, मोरी कोरडी ठेवणे, ओले फडके तसेच पडू न देणे या सर्वांच्या मागे एकच विचार आहे : जीवोत्पत्ती झाल्यावर काय करायचे हा प्रश्नच येऊ नये, म्हणून ती होऊ द्यायची नाही. कार्पेटच्या बाबतीत हेच अवघड आहे. व्हॅक्यूमने वरची धूळ निघते, पण हे जीव लवेला धरून राहतात आणि बरेचसे मागेच उरतात. पाणी आणि साबण घालून धुतले तर आतला थर लवकर वाळत नाही, म्हणजे दमटपणा वाढतो. लोकरीचे असेल तर कसर लागण्याचे भय वेगळे. कपड्याच्या दुकानात कसर लागली तर तागा बाहेर काढून उन्हात टाकता येतो; खोलीभर पन्ह्याचा, खिळवलेला तागा कोणी बाहेर काढायचा? शेवटी औषधाची फवारणी होते आणि त्या फवारणीचा खर्च कोणी द्यायचा यावर घरमालक आणि भाडेकरू भांडतात. फरशी किंवा लाकडी पट्टीची जमीन असेल तर आठवड्याचा हा सारा प्रपंच मऊ झाडू आणि पिळून घेतलेले फडके यांवर भागतो.

न्यायबुद्धीने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कार्पेट काढले म्हणजे दमा गेला, असे होत नाही. जीवांची सर्वांत मोठी वस्ती गादी-उशीत असते. कार्पेटचे व्यापारी म्हणतात की त्यांचा माल धूळ धरून ठेवतो आणि उघड्या जमिनीवरची धूळ प्रत्येक पावलाबरोबर उडते. यात काही अंशी तथ्य आहे. न पुसलेली फरशी ही झाडलेल्या कार्पेटपेक्षा वाईट. परंतु धरून ठेवलेली धूळ हा मालाचा गुण म्हणून विकणे म्हणजे गळके छप्पर पाणी साठवते म्हणून विकण्यासारखे झाले.

आता पैशाचा भाग. तोही येथील पालकांनी नीट समजून घ्यावा, कारण परदेशी पहिल्या वर्षी मुलांचे पैसे याच जागी अडकतात.

दुसऱ्या महिन्यात मातोश्रींचा पाय मुरगळला. सुनेने हळद-तेलाचा लेप कोमट करून वाटी पलंगाशी ठेवली आणि ती वाटी कलंडली. साईच्या रंगाच्या कार्पेटवर दोन तळहातांएवढा पिवळा डाग पडला. सुनेने घाईने कपडे धुण्याची पूड पाण्यात कालवून त्यावर घासली, तर डाग लालभडक झाला. बिचारी घाबरली. यात चमत्कार काही नव्हता. हळदीला क्षार लागला की ती लाल होते. हळदीत चुना घालून कुंकू करतात ते याच गुणावर. पांढऱ्या लुगड्यावर हळद सांडली तर काय करावे हे येथील प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे : धुवावे आणि उन्हात वाळत घालावे, कारण हळदीचा रंग उन्हापुढे टिकत नाही. परंतु लेस्टरच्या जानेवारीत ऊन कोठून आणायचे? आणि कार्पेट उन्हाकडे कसे न्यायचे?

मुलाने डागावर एक लहान टेबल सरकवले. घर सोडण्यास चार महिने होते. तोवर पाहू, असा विचार. तपासणीस एजंट आला तर टेबल हलवून पाहतोच असे नाही, आणि पाहिले तरी डाग आधीच्या भाडेकरूचा आहे असे म्हणता आले असते. असे म्हणणारे अनेक असतात. मातोश्रींनी विचारले, "घर घेतलेस तेव्हा डाग होता का रे?" मुलगा म्हणाला, "नव्हता." "मग त्यांना आजच कळव." मुलगा म्हणाला, "आई, तुला कल्पना नाही, ते पूर्ण खोलीचे पैसे लावतील." त्यावर त्या म्हणाल्या, "लावू देत. पण टेबल बाजूला कर. उद्या पाळणा तिथे ठेवायचा आहे." त्याच संध्याकाळी छायाचित्रासह एजंटला पत्र गेले.

मुलाची भीती खरी ठरली. घर सोडताना एजंटने त्या खोलीत नवे कार्पेट घालण्याचे पूर्ण ४८० पौंड अनामत रकमेतून मागितले. रुपयांत ही रक्कम पन्नास हजारांच्या घरात जाते. येथे तेथील कायदा उपयोगी पडला. इंग्लंडमध्ये एप्रिल २००७ पासून भाडेकरूची अनामत रक्कम घरमालकाला तशीच खिशात ठेवता येत नाही. ती मान्यताप्राप्त योजनेत संरक्षित करावी लागते. वाद झाला तर त्या योजनेकडून विनाशुल्क निवाडा मिळतो. २०१९ च्या भाडेकरू शुल्क कायद्याने अनामत रकमेलाही मर्यादा घातली. वार्षिक भाडे पन्नास हजार पौंडांच्या आत असेल तर पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा अधिक अनामत घेता येत नाही. घर सोडताना व्यावसायिक कंपनीकडूनच कार्पेट धुऊन घेतले पाहिजे अशी सक्तीही त्या कायद्यानंतर चालत नाही. घर जितके स्वच्छ मिळाले तितके स्वच्छ परत करणे मात्र भाडेकरूचे कर्तव्य आहे.

निवाड्याचे तत्त्व वाणिज्य शाखेचा विद्यार्थी पहिल्या वर्षी शिकतो तेच आहे, घसारा. जुन्या वस्तूच्या जागी भाडेकरूच्या पैशाने नवी कोरी वस्तू मिळवण्याचा हक्क घरमालकाला नाही. चालण्या-वावरण्याने होणारी झीज तर भाडेकरूच्या माथी येतच नाही. कार्पेटचे आयुष्य आठ वर्षे धरले. हे कार्पेट सहा वर्षांचे होते, तसे घर घेतानाच्या यादीत नमूद होते. स्थिर हप्ता पद्धतीने वर्षाला साठ पौंड. उरली दोन वर्षे. देणे १२० पौंड. तेवढेच कापले गेले. घेतानाच्या यादीत कार्पेटचे वय लिहिलेले नसते, तर हा हिशेब मांडता आला नसता. म्हणून परदेशी जाणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीला सांगावे की घराची किल्ली हाती येताच खोलीगणिक छायाचित्रे काढा, प्रत्येक जुना डाग यादीत लिहून घ्या आणि कार्पेट कोणत्या वर्षी घातले हे विचारा. हा प्रश्न विचारायला कोणी लाजू नये. अमेरिकेत राज्यागणिक कायदे निराळे असले तरी नित्याची झीज आणि नुकसान यांतील भेद तेथेही मानला जातो. कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून बहुतेक घरमालकांना एका महिन्याच्या भाड्यापेक्षा अधिक अनामत घेता येत नाही.

येथवर ऐकून सर्वांचे मत फरशीकडे झुकले असेल. परंतु एका माणसाची बाजू अजून यायची आहे. तो म्हणजे खालच्या मजल्यावरचा.

दमा लक्षात घेऊन मुलाने पुढचे घर लाकडी पट्ट्यांच्या, म्हणजे लॅमिनेटच्या जमिनीचे पाहिले. मात्र ते पहिल्या मजल्यावर होते आणि खाली एक वृद्ध बाई एकट्या राहत. नात आता धावू लागली होती. टाच आपटत धावणारे मूल, ओढलेली खुर्ची, पहाटे हातून पडलेला पेला हे आवाज हवेतून येणाऱ्या आवाजासारखे नसतात. आघात थेट जमिनीत शिरतो आणि खाली छताच्या रूपाने वाजतो. दार-खिडकी बंद करून तो थांबत नाही. तो थांबवायचा तर जेथे उत्पन्न होतो तेथेच, म्हणजे पावलाखाली, मऊ काही असावे लागते. कार्पेटचे खरे मोल येथे आहे, आणि ते मान्य केलेच पाहिजे.

कायदा या बाबतीत भाडेकरूच्या फारसा उपयोगी नाही. लंडनमधील जुन्या इमारतींतल्या पालिकेच्या भाडेकरूंनी शेजाऱ्यांचे नित्याचे जगणे ऐकू येते म्हणून दावे केले होते. १९९९ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने निर्णय दिला की शेजाऱ्याने आपल्या घराचा सर्वसामान्य वापर करणे हा उपद्रव ठरत नाही. म्हणून तेथील इमारतींच्या करारांतच अट घातलेली आढळते की स्वयंपाकघर व न्हाणीघर सोडून सर्व खोल्यांत कार्पेट असावे. न्यूयॉर्कमध्ये जमिनीचा ऐंशी टक्के भाग झाकलेला असावा अशी अट भाडेकरारांत घालतात. ही अट मोडणे महागात पडते. लंडनच्या केन्सिंग्टन भागातील एका इमारतीत वरच्या घराची जमीन परवानगीविना बदलली गेली. खालच्या रहिवाशाला झालेल्या त्रासाबद्दल एक लाख पौंडांहून अधिक भरपाई २०१८ साली उच्च न्यायालयापर्यंत कायम झाली.

खालच्या बाईंनी दावा केला नाही, तक्रारही केली नाही. एके दिवशी जिन्यात भेटल्यावर त्यांनी मुलीच्या झोपेच्या वेळा तेवढ्या विचारल्या, म्हणजे त्या वेळात त्यांना पडता येईल. सुनेने हे घरी सांगितले तेव्हा मातोश्री बराच वेळ बोलल्या नाहीत. सूक्ष्म जीवांच्या चिंतेने घर बदलले आणि एका पंचेंद्रिय जीवाची झोप मोडली, हे त्यांना लागले. समाजात अनेकदा असे घडते. मुंगीसाठी पाऊल जपणारी माणसे रात्री अकराला वरच्या मजल्यावर पलंग सरकवतात. पुण्या-मुंबईच्या टाइल्स घातलेल्या इमारतींतही खाली कोणी राहते.

यावर त्या घराने शोधलेला उपाय अगदी साधा आहे. दुसऱ्या खेपेस जाताना मातोश्रींनी सामानात दोन जाड सुती सतरंज्या नेल्या. सतरंजीला लव नसते, दोन्ही बाजू सारख्या असतात, ती झटकता येते, धुता येते. नुसती सतरंजी आघात फारसा झेलत नाही, म्हणून तिच्याखाली तेथेच मिळणारा फेल्टचा थर घातला आणि कडा सरकू नयेत म्हणून रबरी जाळी लावली. सुट्या अंथरुणात वृद्धांचा पाय अडकतो, याची काळजी घ्यावीच लागते. खुर्च्यांच्या पायांना नमद्याचे तुकडे चिकटवले. मूल जेथे खेळते त्या बैठकीच्या खोलीत आणि खालच्या बाईंच्या शयनगृहावर येणाऱ्या खोलीत सतरंजी, बाकी जमीन उघडी. पलंगपोस मात्र साठ अंशांवर धुतले जातात. त्या बाबतीत मातोश्रींनी मुलाच्या प्रकृतीकडे पाहून विरोध सोडला, आणि रोज सकाळी अंथरुणे उचलून खिडकी अर्धा तास उघडी ठेवण्याचा आग्रह धरला. थंडी असली तरी ओल बाहेर जाते आणि जीवोत्पत्ती कमी होते.

ज्यांना घरमालकाचे कार्पेट काढता येत नाही त्यांनी काय करावे, असा प्रश्न एका पालकांनी भाषणापूर्वीच विचारला होता. मालकाच्या लेखी परवानगीविना ते मुळीच काढू नये, हे पहिले. दुसरे, परवानगी मागण्याची योग्य वेळ कार्पेट जुने झाले असेल तीच. मालकाला ते बदलायचेच असते, तेव्हा नव्या कार्पेटऐवजी लाकडी पट्टी घाला असे सुचवता येते आणि अनेक मालकांना ते दर भाडेकरूमागे धुण्याच्या कटकटीपेक्षा परवडते. तोपर्यंत निदान झोपण्याची खोली कमीत कमी सामानाची ठेवावी, ओले कपडे त्या खोलीत वाळत घालू नयेत, पादत्राणे दाराबाहेर काढावीत. यातील शेवटचे तर जैन मुलांना शिकवावे लागत नाही. तळमजल्यावर घर मिळत असेल आणि फरशी असेल तर दुसरा विचार करू नये. वरच्या मजल्यावर असेल तर खाली कोण राहते ते घर घेण्याआधी विचारावे.

त्या घरातील सतरंज्या दर रविवारी उचलल्या जातात. सून त्या इमारतीच्या मागील अंगणात नेऊन दोरीवर टाकते आणि तेवढ्या वेळात मुलगा जमीन पुसून घेतो. मागील महिन्यात खालच्या बाईंनी तशीच एक सतरंजी त्यांच्या बैठकीसाठी मागवली. त्यांच्या घरी मात्र जुने कार्पेट आहे आणि ते काढण्याचा त्यांचा विचार नाही. सतरंजी त्यावरच अंथरायची आहे. मापे आली आहेत, सहा फूट बाय चार.